यंदाचा मेळा कुणासाठी?

परवा लिफ्टमध्ये भांबुर्ड्याचा वास आला आणि मी चौथ्या मजल्याऐवजी सहाव्यावर जाऊन उतरलो. दाराला चावी लावली तर लागेना. दोनतीनदा फिरवून बघितली. आतून बाईने विचारलं, कोण पाहिजे? मी चावी काढून घेतली. जिन्याने खाली आलो.

भांबुर्डा म्हणजे काही तुळस-मोगऱ्यातलं झाड नव्हे. थंडी पडली की शेताच्या बांधावर आपोआप उगवतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. पाला चुरगळला की वास सुटतो. कुणाला तो ओव्यासारखा वाटतो, कुणाला मुलांच्या छातीला चोळायच्या मलमासारखा. मी पन्नास वर्षं कारखान्याच्या तेलात काढलेला माणूस, मला वासातलं काय कळणार. पण हा कळतो. हा आला की समजायचं, वालाच्या शेंगा भरल्या, आता पोपटी लागणार आणि पोपटी लागणार म्हणजे आमच्या बिल्डिंगचा आनंदमेळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबायचा. मग वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये बटाटे, अंडी. खाणारे असतील तर केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांच्या अंगचंच पाणी, त्यातच त्या शिजतात. झाली का नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. चर्र करून पाणी तिथल्या तिथे सुकलं की झाली. विमलला हबका लागायचा नाही. ती लांब उभी राहून नाक वर करायची आणि म्हणायची, काढा.

विमल म्हणजे माझी बायको. बारवी धरणाच्या बाजूच्या खेड्यातली, त्यामुळे पोपटी तिची. मी उल्हासनगरचा, कॅम्प एकचा, मला सिंध्यांचे पापड आणि दालपक्वान माहीत. लग्न झालं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, शेंगा जाळून खाता होय तुम्ही? ती म्हणाली होती, जाळून नाही, कोंडून. हे ती चाळीस वर्षं सांगत होती. मला फरक आता कुठे कळतोय, तोही धड नाही.

मेळा तिने का काढला, त्याला कारण मीच.

आनंदनगरच्या एमआयडीसीत मी पत्रा कापायच्या प्रेसवर होतो. एकदा शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेली. दुसऱ्या दिवशी वर्गणीची वही फिरली. वही आली की माणूस खाली बघतो. पुढच्याने किती लिहिलंय ते बघतो, त्याच्यापेक्षा जरा कमी लिहितो आणि वही पुढे सरकवतो, जशी काही तापलेली पत्राच. मीही तेच केलं. महिन्याने तो कामावर आला आणि आम्हा एकेकाला नमस्कार करत फिरला, उरलेल्या बोटांनी. मी संडासात जाऊन उभा राहिलो, तो गेल्यावरच बाहेर आलो. घरी जेवलो नाही. विमलने विचारलं, सांगितलं. ती म्हणाली, "पैसे दिलेत ते बरं केलंत. पण त्याला भिकारी करून दिलेत."

मला राग आला होता. दिले हेच चुकलं का मग?

कॅम्पातलं घर विकून आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यासाठी पहिला मेळा काढला. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बरोबर लताबाई म्हात्रे. आमची बिल्डिंग त्यांच्याच सासऱ्याच्या शेतात उभी आहे. मागे जो तुकडा उरलाय त्यात त्या अजून वाल लावतात आणि तळमजल्यावर राहून सगळ्या बिल्डिंगवर राज्य करतात. त्या दोघींनी मागच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली. पाणीपुरी, लिंबू-चमचा, हौजी, संगीत खुर्ची आणि शेवटी पोपटी, तिकीट लावून. संगीत खुर्चीत तो इस्त्रीवालाच पहिला आला. एका डोळ्याचा माणूस खुर्ची कसा चाचपून पकडतो, बाया हसून लोळत होत्या. मला ते बघवलं नाही, मी तोंड फिरवलं. रात्री विमलला म्हणालो, काय ती थट्टा, त्याच्यासाठी जमायचं आणि त्यालाच हसायचं? ती म्हणाली, "तुम्ही तोंड फिरवलंत. तो सगळ्यांत जास्त हसत होता, ते तुम्हाला दिसलंच नाही."

असं तिच्या आणि माझ्या डोक्याचं कधी जुळलं नाही. लोकांनी सरळ पैसे द्यावेत, खाऊन-नाचून कशाला, हे माझं म्हणणं. तिचं म्हणणं, हात पसरला की माणूस खिसा धरतो, हसायला लागला की सोडतो. आणि घेणाऱ्यालाही वाटतं, लोक आपल्यासाठी रडायला नाही, खेळायला आले होते. मी म्हणायचो, मला पटत नाही. ती म्हणायची, पटू नका, जाळ नीट लावा. मग मी जाळ लावायचो. दरवर्षी. न पटता.

हौजीची बक्षिसं आणायला आम्ही उल्हासनगरला जायचो. कॅम्प एकमध्ये आमच्या जुन्या शेजाऱ्यांचं प्लॅस्टिकच्या डब्यांचं दुकान आहे, होलसेल. त्यांना सगळे चाचा म्हणतात. विमलने कधी मोल केलं नाही, नुसती डबा उलटा करून बघत बसायची. चाचा बिचारा घाबरायचा. "भाभी, पुण्य का काम है, मैं एक रुपया नहीं कमाऊंगा." ती म्हणायची, कमवा की, पण झाकण बसणारा द्या. त्याच चाचाच्या आईने, आम्ही शेजारी असताना, तिला सुयांवर विणायला शिकवलेलं. लोकरही ती तिथूनच घ्यायची. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

आता त्या हिवाळ्याचं सांगतो. सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

तीन वर्षं झाली त्याला. दिवाळीनंतर विमलच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरने प्रशांतला, म्हणजे आमच्या मुलाला, आत बोलावलं आणि मला. तिला बाहेर बाकावर बसवलं. आत जे सांगितलं ते आम्ही बाहेर आणलं नाही. साधी गाठ आहे, काढली की झालं, असं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि येताना स्टेशनजवळ पेरू घेतले.

खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. मी कुणाला काही बोललो नव्हतो, पण लताबाईला कळलं. तळमजल्यावर सगळं कळतं. त्या वर आल्या, विमल बुद्धविहारात गेली होती. म्हणाल्या, "दादा, यंदाचा मेला विमलताईसाठी. तिला मातर सांगायचा नाय. सांगितला तर ती करू देनार नाय." प्रशांतही म्हणाला, पप्पा, आईला कळता कामा नये. मी हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक मन म्हणत होतं, तिचाच मेळा आणि तिलाच चोरून? दुसरं म्हणत होतं, गप बस, जीव वाचतोय.

तिने विचारलंच. दर वर्षी आधी तेच ठरायचं ना. "अहो, यंदा मेळा कुणासाठी? लता नीट सांगत नाही."

मी म्हणालो, कॅम्पातली एक बाई आहे.

"काय झालंय तिला?"

गाठ आहे, म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. खोटं बोलायलाही शिक्षण लागतं.

मग म्हणाली, "नवरा कसा आहे तिचा?" मी म्हणालो, बरा आहे. "बरा म्हणजे?" बरा म्हणजे बरा, असं म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या महिनाभरात मी फार वेड्यासारखा वागलो. जन्मात ज्या बाईला भाजी बरी झाली म्हटलं नाही, तिला म्हणू लागलो. एकदा सकाळी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, आज चहा झकास झालाय. तिने आपल्या कपातला घोट घेतला, कप खाली ठेवला. म्हणाली, "अहो, मी साखर घालायला विसरले." मी म्हणालो, तरी झकास आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तो सगळा चहा पिऊन टाकला.

मग तिने वांगी रंगाची लोकर काढली. म्हणाली, त्या बाईला टोपी विणते. गाठीच्या औषधाने केस जातात म्हणतात, थंडीचे दिवस आहेत. मी पेपर तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "डोकं केवढं असेल हो तिचं?"

आणि मी म्हणालो, तुझ्याएवढंच असेल.

म्हणालो आणि जीभ चावली. तिने दोरा घेतला, स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळला, चिमटीत धरून मोजला आणि टाके घालायला बसली.

मेळ्याच्या दिवशी ती सकाळपासून खाली होती. अंगात कणकण होती तरी शेंगा निवडल्या, मडकी भरली, सगळ्यांवर ओरडली. मी हौजीचे आकडे पुकारले. माझा आवाज कारखान्यातला, माइक लागत नाही. तेवीस म्हणायच्या जागी बत्तीस म्हणालो, पुन्हा पुन्हा, लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा मुद्दाम करतोय. संध्याकाळी जाळ लागला, ती लांब उभी राहिली, नाक वर केलं आणि म्हणाली, काढा. त्या वर्षी पोपटी इतकी चांगली झाली की परक्या बिल्डिंगची माणसंही तिकीट मागायला आली. विमलने स्वतःही तिकीट काढलं. म्हणाली, त्या बाईसाठी माझंही असू दे. मी तिच्या शेजारी उभा राहून शेंगा सोलत होतो आणि दाणे तिच्याच पुढ्यात टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने टोपी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. तिला नेऊन द्या, म्हणाली. माझं नाव सांगू नका, उगाच लाजेल.

कुठे नेऊन देणार? मी कॅम्पात गेलो, चाचाच्या दुकानात तासभर बसलो, चहा प्यालो आणि परत आलो. टोपी माझ्या जुन्या डब्याच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली.

ऑपरेशन झालं. मग ती औषधं सुरू झाली, ज्यांचं नाव आम्ही घरात घेत नव्हतो. केस गेले. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? पण तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तिला डोक्याला थंडी वाजायची. माळ्यावर तिच्या मापाची टोपी पडलेली, तिच्याच हातची, आणि मी ती काढू शकत नव्हतो. काढली तर सगळंच बाहेर येणार. मी बाजारातून एक आणली, नायलॉनची, टोचणारी. ती तिने आठ महिने घातली. कपाळावर लाल वळ उठायचे. एकदा मी वळांना खोबरेल लावत होतो तेव्हा डोळे मिटूनच तिने विचारलं, "त्या बाईला टोपी बसली का हो?"

बसली, मी म्हणालो.

"मग झालं."

पुढचं लिहीत नाही. ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला सगळी बिल्डिंग आली होती. लताबाई पुढ्यात बसून रडल्या. एक म्हणाला, काकूंनी किती जणांसाठी केलं. मला वाटत होतं उठून सांगावं, शेवटचं तिने स्वतःसाठीच केलं आणि आम्ही तिला ते कळू दिलं नाही. की तिला कळलं होतं? मी बसूनच राहिलो. दोन हिवाळे मेळा झाला नाही. मी भांबुर्ड्याच्या बाजूला फिरकलोसुद्धा नाही.

आणि परवा तो वास लिफ्टमध्ये.

संध्याकाळी लताबाई आल्या. यंदा पुन्हा मेळा करायचा, म्हणाल्या, जाळाला तुम्हीच पाहिजे. मी विचारलं, कुणासाठी? आवाज खाली करून म्हणाल्या, आपल्या सावित्रासाठी. सावित्रा म्हणजे आमच्या वॉचमनची बायको, परभणीकडची, गेटजवळच्या खोलीत राहते, आमचे जिने झाडते-पुसते. गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली आहे, ऑपरेशन आहे. नवऱ्याला सांगितलंय. "पन तिला सांगायचा नाय हां, दादा. कामाला ती येईलच, शेंगा निवडाला."

मी म्हणालो, लताबाई, पुन्हा तेच?

त्या म्हणाल्या, "मागं चांगलाच झाला होता ना?"

चांगलं झालं होतं की वाईट, याचं उत्तर माझ्यापाशी असतं तर मी सहाव्या मजल्यावर चावी लावत बसलो असतो का?

रविवारी खाली गेलो. माळ्यावरची पिशवी काढली होती, ती बगलेत. पटांगणात सतरंजीवर बायका शेंगा निवडत बसल्या होत्या. पोचट बाजूला, भरलेल्या टोपलीत. सावित्रा मध्ये. सगळ्या तिच्याशी मऊ-मऊ बोलत होत्या. कुणी तिच्या पाठीशी उशी ठेवत होतं, कुणी म्हणत होतं, तू दमली असशील, बस जरा. तिच्या बोटांत हिरवा रस लागला होता. मला विमलची बोटं दिसली. माझ्याने राहवलं नाही. जसा मी बोलतो तसाच बोललो. "सावित्रा, हे सगळं तुझ्यासाठी चाललंय. तुझ्या ऑपरेशनसाठी. तुला सांगितलं नाही कुणी."

सगळ्यांचे हात थांबले. लताबाईने माझ्याकडे असं बघितलं की आता शेतातून हाकलणार.

सावित्राने हातातली शेंग टोपलीत टाकली, दुसरी उचलली. "म्हाईत हाय की, बाबा."

कुणी सांगितलं?

"कुणी कशाला सांगतंय. आठ दिस झाले, जिन्याला कुणी नावं ठेवली न्हाईत. त्या वरच्या मॅडम म्हनल्या, सावित्रा, जिना किती छान पुसतीस गं. त्या दिवशी म्या पुसलाच नव्हता."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, वरची मॅडम धरून. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "एवढ्या हौसेनं लपवीत होते समदे. कशाला मोडायची?"

मी पिशवीतून टोपी काढून तिच्यापुढे धरली. लोकरीला माळ्याचा वास येत होता. कुणाची, असं तिने विचारलं. मी म्हणालो, माझ्या बायकोने विणली होती, एका गाठ झालेल्या बाईसाठी. तिला द्यायची राहिली. सावित्राने हात पदराला पुसले, टोपी घातली, कान झाकले. जरा सैल झाली. ती म्हणाली, ऊब हाय. मग लताबाईने नाक ओढलं आणि मला म्हणाल्या, उभा काय राहिलाव, पेंढा आना.

जाळ लावला. मडकं तापलं. नाक वर करून बघितलं, मला धुराशिवाय काही कळलं नाही. हबका मारला, चर्र झालं. काढलं. शेंगा शिजल्या होत्या, मीठ जास्त झालं होतं. कुणीतरी म्हणालं, अगदी काकूंसारखी झाली. मी म्हणालो, खोटं बोलू नका, खारट आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. विमलला माहीत होतं का? होतं, तर दोरा स्वतःच्या डोक्याला का लावला, मला दाखवून का? आणि टोपी माझ्याच हातात का दिली, मी ती तिलाच परत आणून द्यावी म्हणून वाट ठेवली होती का? मग ती टोचणारी टोपी कशाला घातली, एक शब्द न बोलता? मी एवढ्या हौसेने आणली होती म्हणून? कधी वाटतं तिने मला सांभाळलं. कधी वाटतं फसवलं. कधी वाटतं तिला खरंच काही माहीत नव्हतं आणि मीच आता मला बरं वाटावं म्हणून हे रचतोय. प्रशांतला विचारलं, तो म्हणाला, पप्पा, आता त्याचं काय. त्याचं बरोबर आहे. पण आता त्याचंच सगळं आहे.

आज सकाळी दूध घेऊन येताना सावित्रा जिन्यात होती. वांगी टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात फडकं. बुधवारी ऑपरेशन आहे. मी दोन पायऱ्या चढलो, थांबलो, म्हणालो, "कोपऱ्यात धूळ तशीच आहे. नीट पूस."

ती उठून हसली. म्हणाली, "आता कसं बरं वाटलं, बाबा."

वर आलो. चहा टाकला. साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा भरला आणि घालावी की नाही हेच कळेना. चहा उकळून उकळून वर आला, तरी मी चमचा हातात धरून उभाच.